वेळ कसा गेला, कळलंच नाही!

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "नातवंडं मे महिन्यात येतात. तो महिना कसा जातो कळतच नाही. ती गेली की जूनमधली एकेक दुपार संपता संपत नाही. घड्याळ तेच, घर तेच. हे माझ्या मनाचे खेळ आहेत, की मेंदूचा काही आजार सुरू होतोय?"

ताई, मे महिना भुर्रकन जातो हा आजार नाही. तुमचा मेंदू छान काम करतोय याचीच ती खूण आहे. जूनच्या दुपारींबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, आणि ते मी या लेखात बोलणार आहे.

रंग बघायला डोळे आहेत, आवाजाला कान आहेत. वेळ मोजायला मात्र शरीरात वेगळं इंद्रिय नाही. मेंदूतही 'हे इथलं घड्याळ' म्हणून बोट ठेवावं अशी एकच जागा नाही. बेसल गँग्लिया, लहान मेंदू, कपाळामागचा भाग, असे अनेक भाग मिळून किती वेळ झाला याचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज परिस्थितीप्रमाणे सहज ढळतो. मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळ न घेता दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट. सेकंदाला एक या गतीने १२० आकडे मोजायला त्याला सांगितलं की त्याचे ते आकडे संपायला सुमारे पाच मिनिटं लागत. धडधाकट माणसाचा अंदाज इतका चुकू शकतो.

तापातही असंच होतं, पण उलट्या दिशेने. हडसन होगलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाची पत्नी तापाने फणफणली होती. तो औषधं आणायला जाऊन लगेच परतला, तरी 'किती वेळ लावलास' अशी तिची तक्रार होती. त्याने तिला मनातल्या मनात ६० सेकंद मोजायला सांगितले. ताप जितका जास्त, तितके तिचे ६० लवकर संपत. १९३३ मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. तापलेल्या रुग्णाला रात्र युगासारखी वाटते, तेव्हा तो कांगावा करत नसतो. उशाशी बसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मग आनंदात वेळ लहान का होतो? पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत शिरायचं, पात्र बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं, झाली. मेंदूतल्या मोजणीचं शास्त्रज्ञ जे चित्र मांडतात ते बरंचसं असंच आहे. फरक एवढाच की मेंदूतल्या पात्राचं छिद्र लक्षावर अवलंबून असतं. एसटीची वाट बघत आपण सारखे घड्याळाकडे बघतो, तेव्हा छिद्र रुंद होतं, पात्र भराभर भरतं आणि दहा मिनिटांचा अर्धा तास वाटतो. भजनात, क्रिकेटच्या सामन्यात, जुन्या मैत्रिणीशी गप्पांत लक्ष पूर्ण गुंतलं की छिद्र आक्रसतं. दोन तास उलटतात, पण आतलं पात्र अजून अर्धंही भरलेलं नसतं.

इथे एक बारकावा आहे. नुसतं सुखात असणं पुरेसं नाही, कशाची तरी ओढ असावी लागते. अमेरिकेत फिलिप गेबल आणि ब्रायन पूल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वेगवेगळी छायाचित्रं दाखवली. फुलांची छायाचित्रंही सुखद होती, पण गोड पदार्थ बघताना वेळ अधिक लवकर गेल्यासारखा वाटला. हेच पदार्थ पुढे खायला मिळणार आहेत असं सांगितल्यावर तर आणखीच. या ओढीमागे डोपामिन हे रसायन असतं, आणि वेळेच्या अंदाजाशी त्याचा थेट संबंध आहे. २०१६ मध्ये लिस्बनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन आवाजांमधलं अंतर दीड सेकंदापेक्षा कमी की जास्त हे ओळखायला शिकवलं. मग त्यांच्या मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने चेतवल्या. उंदरांना तेच अंतर कमी वाटू लागलं. त्या पेशी दाबल्या, तेव्हा जास्त वाटू लागलं. माणसाचा मेंदू उंदरापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे, पण दिशा तीच दिसते.

आता डॉक्टर म्हणून मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येते. मेंदूत इन्सुला नावाचा एक भाग आहे. भूक लागली, लघवीला झाली, छाती धडधडते, पाय अवघडला, अशा शरीराच्या आतल्या बातम्या तिथे पोचतात. वेळेच्या प्रयोगांमध्येही हाच भाग वारंवार जागा झालेला दिसतो. म्हणून वेळेची जाणीव बऱ्याच अंशी शरीराच्या जाणिवेतूनच घडते, असं काही संशोधक मानतात. माझा रोजचा अनुभव त्याला पुष्टी देणारा आहे. माणूस घड्याळ विसरतो तेव्हा तो शरीरही विसरतो.

हे विसरणं औषधासारखं वापरता येतं, आणि आपण ते फार कमी वापरतो. सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाच्या दुनियेचा एक व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाचा, खेळ तयार केला. ड्रेसिंग चालू असताना तो खेळणाऱ्यांना वेदना कमी जाणवली. केमोथेरपी घेताना व्हीआर चष्मा लावलेल्या रुग्णांना उपचाराचा वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी वाटल्याचंही अभ्यासात दिसलं आहे. असा चष्मा आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना मिळणार नाही, पण तत्त्व सगळ्यांना मिळू शकतं. डायलिसिसला चार-चार तास यंत्राला जोडून राहणाऱ्यांनी त्या वेळेसाठी काहीतरी खास राखून ठेवावं. एखादी रहस्यकथा, नाट्यसंगीत, शब्दकोडं, शेजारच्या पलंगावरच्या माणसाशी बुद्धिबळ. नुसता टीव्ही लावून देऊ नका. जे करताना डोकं चालवावं लागतं, पुढे काय याची उत्सुकता वाटते, तेच उपयोगी पडतं. नातेवाइकांनो, 'आता किती राहिलं' हा प्रश्न रुग्णापुढे पुन्हा पुन्हा काढू नका.

पण शरीर विसरण्याचा तोटाही असतो आणि तो आनंदाच्या जागीच होतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणारे मधुमेही लग्नघरात, पत्त्यांच्या डावात, नवरात्रातल्या गरब्यात जेवणाची वेळ चुकवतात. भुकेची बातमी मेंदूपर्यंत पोचलेली असते, पण लक्ष दुसरीकडे असतं. मग एकदम दरदरून घाम, हाताला कंप, धडधड, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासावी आणि मग नीट खायला घालावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. असे मधुमेही समारंभाला जाताना खिशात साखरेची पुडी आणि मोबाइलवर जेवणाचा गजर, दोन्ही ठेवतील तर मला फार बरं वाटेल.

कानांचंही तसंच. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला ही मर्यादा निम्मी होते. १०० डेसिबलला ती उरते फक्त पंधरा मिनिटं. ढोल-ताशा पथकात किंवा डीजेच्या भिंतीजवळ आवाज सहज त्याच्या वर जातो, आणि तिथली तरुण मुलं तासन् तास रंगलेली असतात. कान दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी इजा झालेली असते आणि आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. पथकांच्या प्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे: इअरप्लग गणवेशाचा भाग करा.

मोबाइलबद्दल आयांचे प्रश्न सतत येतात. मुलाला 'अजून पाच मिनिटं' सांगितलं की तो अर्धा तास उठत नाही, मुद्दाम करतो का? बहुतेक वेळा नाही. खेळात गुंतलेल्या मुलाची पाच मिनिटं झालेलीच नसतात. त्याला मिनिटं देऊ नका, टप्पा द्या: 'ही मॅच संपली की बंद.' भांडणं निम्म्यावर येतील. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे हे खरं, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, असं साधारण वर्षभर चालावं लागतं. सुट्टीत चार दिवस जास्त खेळणाऱ्या पोराला व्यसनी म्हणू नका.

मोठ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच नोंदवून ठेवलं आहे की विविध अनुभवांनी भरलेला काळ जाताना लहान आणि आठवताना मोठा वाटतो. रिकाम्या काळाचं उलट असतं, तो जाताना लांबतो आणि आठवणीत उरत नाही. कोकणातले चार दिवस झटकन सरतात, पण नंतर महिनाभर सांगायला पुरतात. रात्री अंथरुणात रील्स बघण्यात गेलेले दोन तास मात्र जाताना लहान, आणि सकाळी आठवायला गेलं तर त्यातलं काहीच हाती लागत नाही. दोन्हीकडून तोटा, वर झोप गेली ती वेगळीच. तेव्हा प्रश्न हा: काल काय पाहिलं हे आज सांगता येतं का? येत नसेल, तर तो विरंगुळा बदला.

उतारवयात वर्षं पळतात असं सगळेच म्हणतात. त्याचं एक कारण हेच असावं: नवं काही घडत नाही, म्हणून मागे वळून पाहताना वर्ष आक्रसतं. नवी भाषा, पेटीवादन, वेगळ्या रस्त्याने फिरायला जाणं, शेजारच्या मुलांना गणित शिकवणं, काहीही चालेल, फक्त ते नवं हवं.

आता जूनच्या दुपारी. पाहुणे गेल्यावर आठवडाभर घर खायला उठतं, हे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटले तरी वेळ जाता जात नाही, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, पहाटे लवकर जाग येऊन निराश वाटतं, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. नैराश्याचे रुग्ण 'वेळ थांबलाय' असं अगदी या शब्दांत सांगतात. जोडीदार गेल्यावर किंवा निवृत्तीनंतर हे जास्त दिसतं, आणि घरचे 'वयच झालं' म्हणून सोडून देतात. सोडू नका. नैराश्यावर उपचार आहेत आणि म्हाताऱ्या माणसांनाही त्यांनी बरं वाटतं. थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणीही डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.

आणखी एक वेगळी गोष्ट. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांतच दिवस-रात्रीची गल्लत करू लागला, सकाळला संध्याकाळ म्हणू लागला, तर त्याला विसरभोळेपणा समजू नका. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवं सुरू झालेलं एखादं औषध, अशी कारणं त्यामागे असतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

ताई, तुम्ही आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि जूनबद्दल मला लिहिलंत तेच त्यांनाही सांगा. कुणाशी लगेच बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.