कानांनी पाहिलेला खेळ

प्रस्तावना

आकाशवाणीवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही त्यांपैकी एक असाल. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी क्रिकेटचे मैदान मराठीतून घरोघरी पोहोचवले. पानाच्या टपरीपाशी क्षणभर थांबून ‘किती झाले?’ असे विचारणारा आणि उत्तर मिळताच आपल्या वाटेने जाणारा माणूसही तुमच्या परिचयाचा असेल. अमेरिकेत असेच नाते बेसबॉल आणि स्थानिक रेडिओ यांच्यात जुळले आहे. प्रस्तुत पाठात आपण त्या नात्याचा परिचय करून घेणार आहोत. त्यासाठी बेसबॉलचे नियम ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.

मूळ पाठ

बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वर्ग असा आहे, की त्याला चाहता म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा. त्याला खेळाडूंची आकडेवारी पाठ नसते. तिकीट काढून तो वर्षातून एखाद्या वेळी मैदानावर जातो. कधी जातही नाही. परंतु वसंत ऋतू आला आणि सामने सुरू झाले, की संध्याकाळी भांडी विसळताना, अंगणात बसल्याबसल्या किंवा रात्रीच्या प्रवासात गाडी चालवताना तो रेडिओ लावतो. मध्येच लक्ष देतो, मध्येच विसरतो. आपला संघ जिंकला तर बरे वाटते, हरला तरी जेवण गोड लागते. मात्र एखाद्या संध्याकाळी सामना नसला, तर घर सुनेसुने वाटते.

या ओढीचे मूळ खेळाच्या रचनेत आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि सामना घड्याळाच्या काट्यावर संपत नाही. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, चेंडू टाकतो. मग थोडी उसंत असते. मग पुढचा चेंडू. प्रत्यक्ष धावपळ थोडी आणि वाट पाहणे फार. अमेरिकेतील सर्वोच्च स्पर्धेत एक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. सुमारे सहा महिन्यांत ते संपवायचे, म्हणजे जवळजवळ रोजच सामना. साहजिकच एका पराभवाने आभाळ कोसळत नाही. उद्या पुन्हा खेळ आहेच. डोळ्यांनी पाहणाऱ्याला जी उसंत कंटाळवाणी वाटते, तीच ऐकणाऱ्याला हवीहवीशी वाटते. त्या मोकळ्या जागेत समालोचक गोष्टी सांगतो, हवेचा रंग सांगतो, गर्दीचा गलबला ऐकू देतो.

या प्रक्षेपणाची सुरुवात ५ ऑगस्ट १९२१ रोजी झाली. पिट्सबर्ग येथील केडीकेए या केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन यांनी पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया या संघांमधील सामन्याचे वर्णन केले. पुढे संघमालकांमध्ये दोन तट पडले. घरबसल्या फुकट ऐकायला मिळाले तर तिकीट कोण काढणार, अशी धास्ती अनेकांना वाटत होती. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी आपसांत करार करून १९३४ ते १९३८ या काळात आपले सामने रेडिओवरून नियमितपणे ऐकवू दिले नाहीत. शिकागो कब्ज या संघाच्या मालकांनी मात्र १९२५ पासून रेडिओ केंद्रांना मुक्तद्वार दिले. १९२७ मध्ये या संघाच्या मैदानावर दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. संघही चांगला खेळू लागला होता, हे खरे; पण रेडिओमुळे खुर्च्या रिकाम्या पडतात, हे भय तरी फोल ठरले. पाहुणा म्हणून घरात आलेला आवाज ऐकणाऱ्याला मैदानाकडे बोलावतो, हे न्यूयॉर्कच्या मालकांना उमजायला १९३९ साल उजाडले.

त्या काळी समालोचकाला परगावी पाठवणे खर्चाचे होते. म्हणून तो आपल्याच गावी ध्वनिगृहात बसे आणि तारेने येणाऱ्या त्रोटक संदेशांवरून सारा सामना रंगवून सांगे. पुढे १९८१ ते १९८९ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३० च्या दशकात आयोवा राज्यातील डब्ल्यूएचओ या केंद्रावर हेच काम करत. त्यांनीच सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एकदा ऐन सामन्यात तार बंद पडली. गप्प बसावे तर श्रोता दुसऱ्या केंद्राकडे वळणार. तेव्हा रेगन यांनी फलंदाजाला एकामागून एक चेंडू मैदानाच्या रेषेबाहेर टोलवायला लावले! तार सुरू होईपर्यंत बिचारा फलंदाज काल्पनिक चेंडू मारत राहिला. ही फसवणूक म्हणावी का? एका अर्थी, होय. परंतु न दिसणारे मैदान डोळ्यांसमोर उभे करण्याची कला तिथेच घडली.

पाठगत प्रश्न १
(अ) बेसबॉलमधील ‘उसंत’ रेडिओच्या श्रोत्याला का आवडते?
(आ) न्यूयॉर्कच्या संघमालकांना कोणती धास्ती वाटत होती?

आता स्थानिकतेकडे वळू. रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे सेंट लुईसच्या केएमओएक्स या ५०,००० वॉटच्या केंद्रावरून होणारे वर्णन शेकडो मैलांवरच्या शेतघरांतही ऐकू येई. ज्यांनी ते शहर कधी पाहिले नव्हते, त्यांनाही तेथील संघ आपला वाटू लागला. १९५४ मध्ये ट्रान्झिस्टर बाजारात आला आणि रेडिओ खिशात मावू लागला. १९५८ मध्ये डॉजर्स संघ ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा तेथील अवाढव्य क्रीडागारात मागच्या रांगांतल्या लोकांना खेळ नीट दिसेना. लोक ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले. समोर खेळ चालू असताना समालोचक विन स्कली यांचा आवाज साऱ्या मैदानात घुमू लागला. १९६० मध्ये स्कली यांनी सहज सुचवले, की आज एका पंचाचा वाढदिवस आहे, सर्वांनी त्याला शुभेच्छा द्याव्यात. हजारो कंठांतून एकदम शुभेच्छा उमटल्या आणि पंच चकित झाला. स्कली १९५० पासून २०१६ पर्यंत, म्हणजे ६७ हंगाम, एकाच संघाचे वर्णन करत राहिले.

चांगल्या समालोचकाला अधूनमधून ऐकणाऱ्या श्रोत्याची जाण असते. रेड बार्बर आपल्यासमोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत. वाळू खाली आली, की ते धावसंख्या सांगत आणि घड्याळ उलटे करत. नुकताच रेडिओ लावलेला माणूस ताटकळू नये, एवढाच त्यामागचा हेतू. डेट्रॉइटचे अर्नी हार्वेल यांची युक्ती याहून गोड होती. प्रेक्षकांत गेलेला चेंडू कोणी झेलला, की ते सांगत, ‘हा चेंडू अमक्या गावच्या गृहस्थांनी पकडला.’ गाव मिशिगन राज्यातलेच असे. मात्र त्या गृहस्थांचे गाव हार्वेल यांना मुळीच ठाऊक नसे! तरीही आपल्या गावाचे नाव कानी पडताच श्रोत्याच्या चेहऱ्यावर हसू उमटे.

हार्वेल १९६० पासून डेट्रॉइटचा आवाज झाले होते. डिसेंबर १९९० मध्ये जाहीर झाले, की १९९१ चा हंगाम त्यांचा शेवटचा असेल. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. शहरात संतापाची लाट उसळली. ज्यांनी वर्षानुवर्षे मैदानाचे तोंड पाहिले नव्हते, तेही चिडले. खेळाडू येतात आणि जातात, त्याची त्यांना सवय होती; पण दिवेलागणीला स्वयंपाकघरात येणारा आवाज परस्पर काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे, असा त्यांचा प्रश्न होता. १९९२ मध्ये संघाची मालकी बदलली आणि १९९३ मध्ये हार्वेल परतले. २००२ पर्यंत ते बोलत राहिले. मे २०१० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे पार्थिव मैदानात ठेवण्यात आले आणि अंत्यदर्शनासाठी हजारो लोक रांगेत उभे राहिले. त्यांतील बहुतेकांशी हार्वेल कधी समोरासमोर बोललेही नसतील.

आज सामना भ्रमणध्वनीवर दिसतो, जगात कुठेही ऐकता येतो. २०२३ पासून दोन चेंडूंमधील वेळेवर घड्याळाची मर्यादा आली आणि सामने सरासरीने वीसहून अधिक मिनिटांनी आखूड झाले. पाहणाऱ्यांनी त्याचे स्वागत केले. गोष्ट सांगायची जागा मात्र थोडी आक्रसली. २०२० च्या महासाथीत समालोचकांना परगावी जाता येईना, तेव्हा ते आपल्याच शहरात पडद्यासमोर बसून दूरच्या सामन्याचे वर्णन करू लागले. तारेच्या जागी चित्र आले होते, इतकाच फरक. मिलवॉकीमध्ये तर त्याच शहरात जन्मलेले बॉब युकर १९७१ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत आपल्या सामान्य फलंदाजीची टिंगल करत श्रोत्यांना हसवत होते. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. पुढचा हंगाम मार्चअखेरीस सुरू झाला. रेडिओ लागले, आणि त्यांतून दुसरे आवाज आले.

शब्दार्थ
उसंत – मोकळा वेळ. धास्ती – भीती. फोल – निरर्थक, खोटे. त्रोटक – अगदी थोडक्यात असलेले. परावर्तित होणे – आदळून परत फिरणे. आक्रसणे – आखूड होणे, संकोच पावणे

पाठान्त प्रश्न
१. रेड बार्बर वाळूचे घड्याळ कशासाठी वापरत?
२. हार्वेल यांची गावांच्या नावांची युक्ती तुम्हाला योग्य वाटते का? सकारण लिहा.
३. ‘पाहुणा म्हणून घरात आलेला आवाज’ या शब्दयोजनेचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी रोज ऐकू येणाऱ्या एखाद्या रेडिओ कार्यक्रमाविषयी दहा ओळी लिहा.