जुन्या ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर

प्रश्न (वेळापूर, ता. माळशिरस): वाड्यात पडून असलेल्या जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर कसा ओळखावा व दुरुस्त करावा?

उत्तर: इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या फर्ग्युसनच्या टीई-२० मालिकेत पेट्रोल, रॉकेलसदृश इंधन आणि डिझेल असे प्रकार असल्याने आधी इंजिन पाहावे, स्पार्क प्लग असतील तरच कार्ब्युरेटर, म्हणजे इंधन व हवा यांचे मिश्रण करणारा भाग, सापडेल. डिझेल इंजिनात त्याऐवजी इंधनपंप असतो, आणि आपल्याकडचे बहुतेक जुने ट्रॅक्टर डिझेलचेच आहेत. पेट्रोल-फर्ग्युसनवर सहसा झेनिथ कार्ब्युरेटर आढळतो; त्याच्या ओतीव अंगावरील नाव व क्रमांक घासून वाचावेत, आणि सुटे भाग त्याबरहुकूमच घ्यावेत.

खोलल्यावर जेट, म्हणजे इंधनाचे मोजके छिद्र असलेली पितळी नळी, पेट्रोलने धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावी. तार घातल्यास छिद्र रुंदावते आणि इंजिन कायमचे जास्त इंधन पिऊ लागते. इंधनाची पातळी राखणारा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवावा, बुडबुडे आल्यास तो फुटका समजावा, मात्र आतील पेट्रोल पूर्ण काढल्याखेरीज डाग देऊ नये, कारण स्फोटाचा धोका असतो. पॅकिंग नवेच बसवावे. एवढे करूनही इंजिन मंद गतीवर अडखळत असेल, तर थ्रॉटलचा दांडा झिजून तेथून हवा शिरत असण्याचा संभव मोठा असतो, व तेथे लेथवर बुश बसवून घेणेच योग्य ठरते.