रात्रीची शिकार आणि दिव्याचा उजेड

पेणेहून नागोठण्याकडे जातांना वडखळ व डोलवी हीं गांवें मागें टाकलीं म्हणजे गडब लागतें. गांवाच्या पश्चिमेस खारी जमीन व तिच्या पलीकडे धरमतरची खाडी. पूर्वेस डोंगर आणि रान. एका अंगास पाणी व दुसऱ्या अंगास अरण्य अशा ठिकाणीं राहणाऱ्या लोकांस रात्रीच्या दिव्याचें महत्त्व निराळें शिकवावें लागत नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं पहिला जोराचा पाऊस झाला कीं वलगणीचे मासे ओढ्यांतून शेतांत चढूं लागतात आणि माणसें बत्त्या व विजेऱ्या घेऊन त्यांच्या मागें निघतात. मुठे व चिंबोऱ्या धरावयाच्या तरी दिवा हवाच. अशा वेळीं बांधाच्या टोकास किंवा झुडपांच्या आडोशास दोन हिरवट ठिपके चमकतात व क्षणांत नाहींसे होतात. "कोल्हा असेल," असें एकजण म्हणतो, "बिबळ्या तर नव्हे?" असें दुसरा विचारतो, आणि मंडळी नकळत एकमेकांच्या जवळ सरकतात.

हे ठिपके म्हणजे काय, मनुष्यानें शिकारीच्या कामीं त्यांचा उपयोग कसा केला, आणि आज तसा उपयोग करणें योग्य आहे काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम डोळ्याची रचना पाहूं. आपल्या डोळ्याच्या आंतील बाजूस एक नाजूक पडदा असतो. बाहेरील प्रकाश बाहुलींतून शिरून त्या पडद्यावर पडला म्हणजे आपणांस वस्तु दिसते. या पडद्यांत दोन प्रकारच्या सूक्ष्म पेशी असतात. एक प्रकार भर उजेडांत रंग ओळखण्याच्या कामीं येतो व दुसरा अंधुक प्रकाशांत आकार दाखवितो. रात्रीं हिंडणाऱ्या पशूंच्या डोळ्यांत दुसऱ्या प्रकारच्या पेशी फार असतात. शिवाय मांजर, बिबळ्या, कोल्हा, तरस इत्यादिकांच्या डोळ्यांत त्या पडद्याच्या मागें आरशासारखा एक चकचकीत थर असतो. पडद्यांतून निसटून गेलेला प्रकाश या थरावर आपटून माघारीं फिरतो व पेशींना त्याचा दुसऱ्यांदा लाभ मिळतो. मनुष्यास पाहण्यासाठीं जेवढा उजेड लागतो त्याच्या सुमारें एक-षष्ठांश उजेडांत मांजराचें काम भागतें, त्याचें एक कारण हा थर होय. माघारीं फिरलेल्या प्रकाशाचा जो अंश डोळ्याबाहेर येतो, तीच ती चमक. पशूचा डोळा स्वतः प्रकाश देत नाहीं. आपण दिलेलाच उजेड तो आपणांस परत करितो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा प्रकाश ज्या वाटेनें जातो बहुतेक त्याच वाटेनें परत येतो. म्हणून ज्याच्या हातीं दिवा आहे व ज्यानें तो आपल्या डोळ्यांजवळ धरला आहे त्यालाच ती चमक नीट दिसते. दहा पावलें बाजूस उभ्या असलेल्या सोबत्यास ती दिसेलच असें नाहीं. शिकारी लोक दिवा कपाळावर बांधीत किंवा बंदुकीच्या नळीस जखडीत, त्याचें रहस्य हेंच.

दिवा उपयोगीं पडण्याचें दुसरें कारण असें कीं, अंधारास सरावलेल्या डोळ्यावर एकाएकीं तीव्र झोत पडला म्हणजे तो दिपून जातो. लख्ख उजेडांतून काळोखांत आल्यावर आपली दृष्टि पूर्णपणें स्थिरावण्यास अर्धा तास लागतो. पशूचीही स्थिति कांहींशी अशीच होते. झोताच्या मागें कोण उभा आहे हें त्यास उमगत नाहीं, आणि कित्येकदां तो जागच्या जागीं खिळून राहतो. पुष्कळ मांसाहारी पशूंस लाल रंग नीट दिसत नाहीं, म्हणून कांहीं देशांत शिकारी दिव्यावर तांबडी कांच बसवितात. ऑस्ट्रेलियांत एकोणिसाव्या शतकांत युरोपांतून आणून सोडलेले कोल्हे तेथील लहान वन्य प्राण्यांचा व मेंढ्यांच्या कोंकरांचा संहार करूं लागले. त्यांना मारण्यासाठीं तेथें रात्रीं दिव्याच्या साहाय्यानें शिकार करितात. तो कोल्हा त्या भूमीस परका आहे. आपल्याकडील कोल्हा येथलाच रहिवासी आहे व शेतांतील उंदीर खाऊन तो आपलें कामच करितो, हा भेद विसरतां कामा नये.

आपल्या देशांत विजेच्या दिव्यानें केलेल्या शिकारीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गढवाल प्रांतांतील आहे. रुद्रप्रयागच्या परिसरांत १९१८ पासून १९२६ पर्यंत एका नरभक्षक बिबळ्यानें १२५ माणसें मारिलीं, अशी सरकारी नोंद आहे. केदारनाथ-बदरीनाथास जाणारे यात्रेकरू त्याच वाटेनें जात. सूर्य मावळल्यावर दार उघडण्याची कोणाची छाती होत नसे. जिम कॉर्बेट यांनीं महिनोन्महिने त्याचा माग काढला. शेवटीं १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभीं, गुलाबराय येथें यात्रेच्या वाटेवरील आंब्याच्या झाडावर ते बंदुकीस विजेरी बांधून बसले. खालीं गळ्यांत घंटा असलेली बकरी होती. काळोखांत घंटा वाजतांच त्यांनीं विजेरीची कळ दाबली, बिबळ्या क्षणभर दिसला, आणि एकाच गोळीनें आठ वर्षांचें संकट संपलें. विजेरी लागलीच मंद होऊन विझली. गोळी लागली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांना झाडावरच पहाटेची वाट पाहावी लागली.

ही कथा वाचून आपणही बंदूक व विजेरी घेऊन डोंगरांत जावें असें एखाद्या धाडसी विद्यार्थ्याच्या मनांत येईल. त्यानें तिच्यांतील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें. कॉर्बेट एका ठराविक नरभक्षकाच्या मागें होते. दिसेल त्या डोळ्यांवर गोळी झाडणें हें त्यांचें काम नव्हतें. दुसरें, चमक पाहून प्राणी ओळखणें अत्यंत कठीण आहे. गाय, बकरी, हरिण, कुत्रा या सर्वांचे डोळे चमकतात. कांहीं कोळ्यांचे बारीक डोळेसुद्धां गवतांत दंवबिंदूंप्रमाणें लकाकतात. उलटपक्षीं डुकराच्या डोळ्यांत तो आरशासारखा थर नसतो, म्हणून अंगावर धांवून येणाऱ्या रानडुकराचे डोळे मांजराच्या डोळ्यांप्रमाणें चमकत नाहींत. माणसाच्याही डोळ्यांत तो थर नाहीं. तेव्हां ज्याचे डोळे चमकले तो शत्रु आणि जेथें चमक नाहीं तेथें कोणी नाहीं, हे दोन्ही तर्क सारखेच घातक होत. झुडपामागें बसलेला शेजारी दिव्यास डोळ्यांनीं ओळख देत नाहीं. शिवाय अर्धवट लागलेल्या गोळीनें जनावर मरत नाहीं. तें जखमी होऊन रानांत शिरतें, आणि नेहमींचें भक्ष्य पकडण्याची शक्ति गेली म्हणजे गुरांकडे व माणसांकडे वळण्याचा संभव वाढतो.

कायद्यानेंही ही गोष्ट हळूहळू ओळखिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या सतराव्या कलमानें कृत्रिम उजेडाच्या साहाय्यानें शिकार करण्यास मनाई केली. त्यांत एकच सवलत होती: मांसाहारी पशु आपल्या मारलेल्या भक्ष्यावर आला असतां, खास परवाना असल्यास, दिवा वापरतां येई. १९९१ च्या दुरुस्तीनें तें कलमच काढून टाकण्यांत आलें. कारण परवान्यानें हौसेची शिकार करण्याची पद्धतच बंद झाली. आज बिबळ्या पहिल्या अनुसूचींत आहे, व त्याची शिकार करणारास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. एखादा पशु माणसांच्या जिवास खरोखरच धोकादायक झाला, आणि त्यास पकडणें, बेशुद्ध करणें किंवा दुसरीकडे नेणें शक्य नसलें, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्यास मारण्याची लेखी परवानगी देऊं शकतात. रोहें व मुरूड तालुक्यांच्या बाजूचें फणसाडचें रान एके काळीं जंजिऱ्याच्या नबाबांचें शिकारीचें राखीव रान होतें. १९८६ पासून तेंच अभयारण्य आहे. एकाच रानाचा हा पालट काळाचा पालट सांगतो.

मग रात्रीचा दिवा निरुपयोगी झाला काय? मुळींच नाहीं. त्याचा उपयोग बदलला इतकेंच. कॉर्बेट यांच्याच काळांत संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी चॅम्पियन यांनीं रानवाटेवर तार बांधून, वाघाचा पाय लागतांच दिवा लखकन् उजळावा व वाघाचें छायाचित्र निघावें अशी युक्ति योजिली. १९२७ मध्यें त्यांचें त्या विषयावरील पुस्तक निघालें. कॉर्बेटही पुढें बंदुकीपेक्षां छायाचित्रणांत अधिक रमले. आज त्याच तत्त्वावरचे स्वयंचलित कॅमेरे रानोरानीं लावितात. विद्या अत्रेय यांनीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अकोलें येथें असे कॅमेरे लावून दाखविलें कीं, ऊंसाच्या शेतांनीं भरलेल्या, माणसांनीं गजबजलेल्या मुलुखांतही शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच बिबळे राहत होते. प्रत्येकाच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी निराळी असते, म्हणून ते एकेक ओळखतां येतात. बिबळे पकडून दूर नेऊन सोडल्यानें उपद्रव कमी न होतां उलट वाढूं शकतो, असेंही त्यांच्या अभ्यासांत आढळलें.

राखणीच्या कामीं दिवा कसा वापरावा हें केनिया देशांतील रिचर्ड तुरेरे या मसाई मुलानें दाखविलें. त्याच्या बापाचीं गुरें नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ असत व रात्रीं सिंह येऊन तीं मारीत. त्यानें प्रथम जाळ पेटविला; त्या उजेडांत सिंहांस गोठा अधिकच चांगला दिसूं लागला. मग बुजगावणें केलें. सिंह त्यासही सरावले. एके रात्रीं तो विजेरी घेऊन गोठ्याभोवतीं फिरत राहिला, तेव्हां सिंह आले नाहींत. हलणाऱ्या उजेडास ते भितात हें त्या अकरा वर्षांच्या मुलानें ताडलें, आणि जुनी बॅटरी, सूर्यशक्तीचा पत्रा, मोटारसायकलीचा लुकलुकणारा भाग व लहान दिवे जोडून, आळीपाळीनें पेटणारे दिवे कुंपणास बसविले. १९१३ सालीं नव्हे, तर आपल्याच काळांत, २०१३ मध्यें, त्यानें ही हकीकत जगास सांगितली. एकही सिंह न मारतां त्यानें गुरें राखिलीं.

आतां आपल्या गांवापुरतें बोलूं. गुरांच्या गोठ्यास बळकट दार असावें. दिवा दाराची जागा घेऊं शकत नाहीं. रात्रीं बांधावरून किंवा डोंगराच्या वाटेनें जातांना विजेरी पेटलेली असावी, मोठ्यानें बोलत जावें, व लहान मुलांस एकटें सोडूं नये. बिबळ्या सहसा माणसास टाळतो. आपण येत आहों हें त्यास आधीं कळलें तर तो वाट सोडतो. डोळे चमकलेले दिसले तर झोत त्यांवर रोखून, आरडाओरडा करीत पाठलाग करूं नये. त्याच्यासाठीं निसटण्याची वाट मोकळी ठेवून आपण सावकाश मागें सरावें. बिबळ्या गांवांत अडकला तर गर्दी करूं नये. दिपलेला व घेरलेला पशु जीव वांचविण्यासाठींच अंगावर येतो. वनखात्यास कळविण्यासाठीं १९२६ हा दूरध्वनीचा क्रमांक आहे. रुद्रप्रयागचें वर्ष ध्यानांत ठेविलें म्हणजे तो विसरणार नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, जुन्या शिकारीच्या गोष्टी त्यांनीं मुलांस अवश्य सांगाव्या, परंतु त्यांच्या जोडीस तुरेरेची गोष्टही सांगावी. आणि विद्यार्थिमित्रहो, परमेश्वरानें पशूस अंधारांत पाहणारे डोळे दिले व मनुष्यास दिवा लावण्याची बुद्धि दिली. त्या बुद्धीनें आपलें घर राखावें आणि शेजारच्या रानांतील जिवासही जगूं द्यावें, यांतच तिचें सार्थक आहे.