शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कोणी निवडले?



कधी कोलकात्याला गेलात तर एस्प्लनेडला जरूर उतरा. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातली पहिली मेट्रो याच स्थानकातून भवानीपूरकडे धावली. पण या नावाकडे सैनिकाच्या नजरेने पाहा. किल्ल्याच्या तटापुढे झाडे-घरे काढून मोकळी ठेवलेली जागा म्हणजे एस्प्लनेड. पुढे सरकणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये आणि तटावरच्या तोफांना मारा करायला वाव मिळावा, यासाठी ती असते. इथला किल्ला म्हणजे फोर्ट विल्यम, लष्कराच्या ईस्टर्न कमांडचे मुख्यालय. त्याचे आताचे नाव विजय दुर्ग, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून ठेवलेले.

एस्प्लनेडहून चौरंगीच्या रस्त्याने दक्षिणेकडे थोडे चालले की १८१४ साली स्थापन झालेले भारतीय संग्रहालय लागते. भारतातल्या संख्याशास्त्राची एक महत्त्वाची सुरुवात या इमारतीशी जोडलेली आहे. १९२० मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबीस या तरुण प्राध्यापकाला एक काम सुचवले. कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे ॲनंडेल यांनी जमवली होती, त्यांतून काय कळते ते पाहायचे होते. महालनोबीसांनी उंचीच्या आकड्यांवर लिहिलेला निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. २९ जून हा त्यांचा जन्मदिवस आपण राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतो.

हातात मोजपट्टी आली की माप मिळते. पण ते माप कोणाचे, आणि ज्यांना मोजलेच नाही ते कोण, हा प्रश्न राहतोच. तो समजून घेण्यासाठी आज एक वेगळेच उदाहरण घेऊ: शिकाऱ्यांनी जपलेली विक्रमी शिंगांची नोंदवही.

शिंगांची नोंदवही

इंग्रजी अमदानीत भारतात शिकार हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा मानाचा खेळ होता. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये जगभरच्या मोठ्या शिकारीच्या मापांचे पुस्तक काढले. आपल्या काळविटाची, सांबराची, बारशिंग्याची मापेही अशा पुस्तकांत इंचांत नोंदली गेली. आज हा खेळ आपल्याकडे इतिहासजमा झाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात ते कायद्याच्या छत्राखाली चरते.

अमेरिकेत मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात हरणांची शिकार आजही होते आणि तिथे धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यांचे गुरू मानले जाणारे डॉ. सॅक्स्टन पोप हे कॅलिफोर्नियातले शल्यचिकित्सक. याही जमातीतला इशी नावाचा आदिवासी १९११ मध्ये जंगलातून बाहेर आला. त्याच्याकडून पोप धनुर्विद्या शिकले. पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये 'पोप अँड यंग क्लब' स्थापन झाला. बाणाने मारलेल्या मोठ्या जनावरांच्या नोंदी हा क्लब ठेवतो. कोणत्याही कायदेशीर शस्त्राने केलेल्या शिकारीच्या नोंदी ठेवणारा 'बून अँड क्रॉकेट क्लब' त्याहून जुना, १८८७ चा.

मापाची पद्धत कडक आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगे आधी ६० दिवस वाळू द्यायची. मग दोन्ही मुख्य शिंगांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, चार ठिकाणचा घेर आणि दोन शिंगांमधले आतले अंतर इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचे. डाव्या-उजव्या बाजूंत जेवढा फरक, तेवढे गुण वजा. अशी बेरीज १२५ झाली तर सरळ ठेवणीच्या शिंगांना पोप अँड यंगच्या वहीत जागा मिळते. बून अँड क्रॉकेटच्या कायमच्या यादीसाठी १७० लागतात.

मोजणीत ढिलाई नाही, म्हणजे आकडे खरे. मग या वहीवरून हरणांच्या प्रकृतीबद्दल निष्कर्ष काढता येईल का? इथे पाऊल जपून टाकायला हवे.

नोंदी वाढल्या, म्हणजे शिंगे वाढली?

गेल्या काही दशकांत धनुर्धाऱ्यांच्या नोंदी झपाट्याने वाढल्या. 'हरणे पूर्वीपेक्षा मोठी होत आहेत' असे कोणी लगेच म्हणेल. पण नोंदी वाढण्याची निदान चार कारणे संभवतात.

पहिले, हरणेच वाढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे सुमारे पाच लाखांवर आली होती. संरक्षण आणि शिकारीच्या नियमांमुळे ती आज सुमारे तीन कोटी आहेत. दुसरे, धनुष्य बदलले. हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये चाकांच्या, म्हणजे कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. पूर्ण ताणल्यावर या धनुष्याचा हातावरचा भार कमी होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येते आणि अधिक लोकांना हा खेळ जमू लागला. तिसरे, शिकाऱ्यांची सवय बदलली. लहान नर सोडून द्यायचा आणि त्याला वय येऊ द्यायचे, असा विचार रुजला. शिंगांचा आकार वय, खुराक आणि अनुवंश या तिन्हींवर ठरत असल्यामुळे मोठी शिंगे दिसू लागली. चौथे, नोंद करणे ऐच्छिक आहे. मोजून घ्यायचे, शुल्क भरायचे, मगच नाव वहीत. ज्याला हौस नाही, त्याचे हरीण वहीत येतच नाही.

राज्यांच्या क्रमवारीचेही असेच आहे. विस्कॉन्सिन, इलिनॉय, आयोवा ही राज्ये वर असतात. मका-सोयाबीनची सकस शेते हे त्याचे एक कारण. पण विस्कॉन्सिनमध्ये शिकारीही भरपूर आहेत. जिथे जाळी जास्त, तिथे मोठा मासा सापडण्याची शक्यता जास्त.

एक काल्पनिक कळप

आता वही-पेन्सिल घ्या. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

एका प्रदेशातल्या प्रौढ नरांच्या शिंगांचे सरासरी गुण ११० आहेत, प्रमाण विचलन १५ आहे आणि आकडे प्रसामान्य वितरणाप्रमाणे पसरलेले आहेत असे माना. पात्रता १२५, म्हणजे सरासरीच्या वर बरोबर एक प्रमाण विचलन. तेव्हा १०० नरांपैकी सुमारे १६ पात्र ठरतील आणि त्या पात्र नरांची सरासरी येईल सुमारे १३२.९.

काही वर्षांनी कळप खालावला. सरासरी ११० वरून १०५ झाली, विचलन तेच राहिले. आता १०० पैकी सुमारे ९ च पात्र ठरतील. पण वहीतल्या नरांची सरासरी किती? सुमारे १३२.०.

नीट पाहा. कळप ५ गुणांनी घसरला, वही मात्र एका गुणानेही घसरली नाही. कारण १२५ च्या खालचा प्रत्येक नर वहीच्या दारातच अडवला गेला. घसरण झाली ती दाराबाहेर.

आणखी एक गंमत. आधी १,००० नर मारले जात होते, तेव्हा नोंदी १६० झाल्या. आता शिकारी वाढून २,००० नर मारले गेले, तर १०० पैकी ९ या हिशेबाने नोंदी १८० होतील. कळप खंगला आणि नोंदी वाढल्या! वही वाचणारा खूश होईल आणि जंगलात काय चालले आहे ते त्याला कळणारही नाही.

सर्वोच्च विक्रमाचेही तसेच. सरासरी ११० असलेल्याच कळपातून १,००० नर मोजले तर त्यातला सर्वांत मोठा साधारण १५९ च्या आसपास येतो, १०,००० मोजले तर १६८ च्या आसपास. हरीण तसूभरही वाढले नाही, फक्त मोजलेल्यांची संख्या वाढली.

खऱ्या आकड्यांतही याची झलक दिसते. बून अँड क्रॉकेटच्या शंभराहून अधिक वर्षांच्या सुमारे २२,००० नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक प्रकारांत शिंगे किंचित लहान होत गेलेली दिसली, पण एकूण घट दोन टक्क्यांच्या आत. घट एवढीशी म्हणून निश्चिंत व्हावे का? आपला काल्पनिक कळप आठवा. वहीत थोडी दिसणारी घट बाहेर बरीच मोठी असू शकते.

याउलट कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या राम पर्वतावर शास्त्रज्ञांनी रानमेंढ्यांचा पूर्ण कळप तीस वर्षे मोजला. विक्रमी असो वा मरतुकडा, प्रत्येकाची नोंद घेतली. २००३ मध्ये त्यांनी दाखवले की नरांचे वजन आणि शिंगांची लांबी कमी होत गेली होती. मोठ्या शिंगांचे नर आधी टिपले गेल्याने पुढच्या पिढ्यांत लहान शिंगे उरली, असा त्यांचा तर्क. शिकारीचा वाटा नेमका किती, यावर पुढे वाद झाला. पण तो वाद घालता आला, कारण सगळा कळप मोजलेला होता.

परत न आलेली विमाने

हा विषय हरणांपुरता नाही. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वॉल्ड हे संख्याशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या युद्धविषयक गटात काम करत होते. मोहिमेवरून परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांवरून विमानाचा नाजूक भाग कसा ओळखायचा, यावर त्यांनी १९४३ मध्ये टिपणे लिहिली. साधा माणूस म्हणेल, जिथे छिद्रे जास्त तिथे चिलखत जाड करा. पण ती विमाने त्या जखमा सोसून परत आली होती! जिथे मार बसल्यावर विमान परतच येत नाही, तो भाग खरा नाजूक. उत्तर धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानांत नव्हते, ते शत्रूच्या मुलखात पडलेल्या विमानांत होते. हेच वॉल्ड व्याख्यानांसाठी भारतात आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीतल्या विमान अपघातात गेले.

उद्या तुमच्यापैकी कोणी पलटणीत अधिकारी होईल. पुढ्यात अहवाल येतील आणि त्यांतल्या आकड्यांवरून जवान कुठे पाठवायचे हे ठरवावे लागेल. अहवालात आलेले तेवढेच घडले असे धरले, तर चुकीच्या जागी पहारा लागेल आणि त्याची किंमत दुसऱ्याचा मुलगा मोजेल.

भात ढवळून शीत घ्यावे

मग उपाय काय? तो आपल्या घरातच आहे. आई शितावरून भाताची परीक्षा करते आणि ती चुकत नाही. का? पातेल्यातले कोणतेही शीत तिच्या हाती येऊ शकते. ती सर्वांत फुललेले शीत शोधत बसत नाही. यालाच यादृच्छिक नमुना म्हणतात. विक्रमांची वही म्हणजे फक्त फुललेली शिते वेगळी काढून ठेवलेली वाटी.

शेतीत हा फरक चांगला दिसतो. पीक स्पर्धेत पहिल्या आलेल्या शेतकऱ्याचे उत्पन्न वर्तमानपत्रात छापून येते, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण तालुक्यात ज्वारी किती पिकली हे त्यावरून कोणी ठरवत नाही. त्यासाठी पीक कापणी प्रयोग असतात. चिठ्ठीने शेत निवडायचे, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून वजन करायचे. पीकविम्याची भरपाई अशा सरासरीशी जोडलेली असते. या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रणी होते. तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते, हा मुद्दा त्यांनी ठामपणे मांडला. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे. दोघांत या प्रश्नावर मतभेद होते, आणि त्यातून देशाची पीकमोजणी अधिक काटेकोर झाली.

तेव्हा कोणताही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारा. हा आकडा यादीत कसा आला? यादीबाहेर कोण राहिले? एकूण कितींमधून हे निवडले गेले? एस्प्लनेडची जागा मोकळी ठेवली ती तटावरून सगळे दिसावे म्हणून. आकड्यांपुढेही अशी मोकळी जागा ठेवा, म्हणजे आडोशाला लपलेले दिसेल.

सरावासाठी

१. एका शाळेच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत पूर्वी ४० मुले धावत, आता २०० धावतात. पहिल्या क्रमांकाची वेळ दर वर्षी सुधारते आहे. सर्व मुलांची तंदुरुस्ती वाढली असे म्हणता येईल का? आणखी कोणते आकडे मागाल?

२. आपल्या काल्पनिक कळपाची सरासरी १०५ असताना ३,००० नर मारले गेले, तर वहीत साधारण किती नोंदी होतील? पहिल्या स्थितीतल्या १६० नोंदींशी तुलना करून दोन ओळींत निष्कर्ष लिहा.

३. एका चौकीच्या अहवालानुसार घुसखोरीचे सर्वाधिक प्रयत्न पूर्वेच्या नाल्यात पकडले गेले. गस्तही तिथेच सर्वाधिक असते. पश्चिमेची टेकडी सुरक्षित आहे असे समजावे का? तुम्ही चौकीप्रमुख असाल तर पुढच्या आठवड्याची गस्त कशी आखाल?