द्रुतगती मार्गावरील वेग : दंड गाडीचा, जबाबदारी कोणाची?

रमजान ईदच्या तोंडावर भिवंडीहून पुण्याला कापड पाठविणारे आमचे एक परिचित व्यापारी आहेत. गाडी त्यांची, चालक पगारी. पहाटे तीनला माल भरून झाला की ते चालकाला सांगत, "पाचला दुकानात पोहोचला पाहिजेस." महिनाअखेरीस मोबाईलवर वेगमर्यादेच्या चलनांची रांग लागली तेव्हा त्यांनी ती रक्कम चालकाच्या पगारातून कापायला घेतली. चालक म्हणाला, "शेठ, पाचची वेळ तुम्हीच दिली होती." प्रश्न बिनतोड होता, आणि कायद्याने तो किती खरा आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते.

आधी रस्त्याचे पाहू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. लांबी सुमारे ९५ किलोमीटर. पूर्वी पोलीस एखाद्या वळणापलीकडे हातात स्पीडगन घेऊन किंवा गाडीत यंत्र बसवून उभे असत, आणि समोरून येणारे चालक दिवे मारून एकमेकांना सावध करीत. जुलै २०२४ पासून या मार्गावर कमानींवरील कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आहे. ती जागेवरचा वेग तर टिपतेच, शिवाय गाडी एका कमानीखालून कधी गेली व पुढच्या कमानीखालून कधी गेली यावरून सरासरी वेगही काढते. त्यामुळे कमान दिसली की ब्रेक दाबायचा आणि पुढे पुन्हा पळवायची, ही युक्ती आता चालत नाही. चहासाठी थांबून सरासरी खाली आणली तरी जागेवरचा कॅमेरा आहेच.

सपाटीवर मोटारीस ताशी १०० आणि मालवाहू गाडीस ८० किलोमीटर ही मर्यादा आहे. घाटात ती बरीच खाली येते. तेथे पाटीवरील आकडा वाचूनच चालावे. छोटा टेम्पो म्हणजे मोटारच, असे अनेक जण समजतात. ते चूक आहे. माल वाहणारी चारचाकी, मग ती लहान का असेना, मालवाहूच. म्हणून तिच्या वेगनियंत्रकाची मर्यादाही ८० ठेवलेली असते. गॅरेजवाल्याकडून तो काढून घेणे म्हणजे स्वतःहून चलन मागविणे होय.

आता थोडा हिशेब. साठ किलोमीटर सपाट रस्ता ८० च्या वेगाने ४५ मिनिटांत होतो, ९५ च्या वेगाने ३८ मिनिटांत. वाचली सात मिनिटे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनास दंड १,००० ते २,००० रुपये, मध्यम व जड वाहनास २,००० ते ४,००० रुपये. गुन्हा पुन्हा घडल्यास चालकाचा परवाना जप्त होऊ शकतो. सात मिनिटांसाठी ही किंमत कोणता व्यापारी देईल?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात गाडी चालविणाऱ्याबरोबरच, आपल्या नोकराला मर्यादेबाहेर चालवायला लावणाराही दोषी धरला आहे. त्याच कलमाच्या पोटकलम ४ प्रमाणे, अमुक वेळेत पोहोच असा हुकूम दिला असेल आणि वेग न मोडता ती वेळ पाळणे शक्य नव्हते असे न्यायालयाला वाटले, तर तो हुकूमच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. भिवंडीहून कळंबोलीला तास, घाट धरून द्रुतगती मार्गाला सुमारे दीड तास, पुढे शहरात पाऊण तास. दोन तासांत पुणे कसे गाठणार? वर तो हुकूम आजकाल मोबाईलच्या संदेशात लिहूनच दिलेला असतो.

चलन आले की घाबरून लगेच भरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. २०२१ साली केंद्रीय नियमांत आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते. तीत गाडीचा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण हवे. यंत्राचे प्रमाणपत्र दर वर्षी नवे करावे लागते, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक लावावा लागतो. फोटोतील नंबर व गाडी आपलीच आहे ना, हे आधी पाहा. नंबर चुकीचा वाचला गेला असेल तर वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. आपल्या नोंदणी पुस्तकात जुना मोबाईल नंबर असेल तर चलने साचत जातात आणि गाडी विकताना किंवा कागद नवे करताना एकदम समोर येतात. विकलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर केली नसेल, तर त्याच्या वेगाचे चलनही तुमच्याच नावे येते.

त्या व्यापाऱ्यांनी कापलेले पैसे परत दिले. आता त्यांची गाडी रात्री एकलाच भरून निघते.