४५ गुणांचा मजकूर समोर छापलेला असतो

‘बाकी सगळं होईल हो, इंग्लिशचं काय करायचं?’ दिवाळीची सुट्टी संपली की मराठी माध्यमातल्या दहावीच्या मुलांचे पालक हा प्रश्न घेऊन येतात. तोवर बहुतेकांनी क्लास लावलेला असतो, गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच घरात आलेले असतात. मूल पहाटे उठून पत्रं आणि निबंध घोकत असतं. मला विचाराल तर ही घोकंपट्टी आधी बंद करा. तसा पेपर आता येतच नाही.

राज्य मंडळाची तृतीय भाषा इंग्रजीची एखादी जुनी कृतिपत्रिका मुलाबरोबर बसून नीट बघा. लेखी परीक्षा ८० गुणांची, अंतर्गत मूल्यमापनाचे २०. त्या ८०पैकी पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना २० गुण, कवितांना १० आणि पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला सारांशलेखन धरून १५. म्हणजे ४५ गुणांचा मजकूर मुलाच्या डोळ्यांसमोर छापलेला असतो. उरलेल्यात १० गुण व्याकरण आणि शब्दांच्या कृतींचे, २० लेखनाचे आणि ५ भाषांतराचे. हे भाषांतर इंग्रजीतून मराठीत करायचं असतं, हे कित्येक घरांत माहीतच नसतं. चार शब्द, दोन वाक्यं आणि एक म्हण किंवा वाक्प्रचार, एवढंच. मराठी बरं असलेल्या मुलाने हे ५ गुण सोडणं मला तरी पटत नाही.

मग छापलेल्या मजकुरावरचे गुण जातात कुठे? वाचण्यात जातात. समजा, उताऱ्यातल्या रिक्षावाल्याला एक पाकीट सापडतं आणि तो ते परत करतो. प्रश्न असतो, ‘व्हाय डिड द ड्रायव्हर रिटर्न द वॉलेट?’ मूल उताऱ्यात ‘वॉलेट’ शोधतं, तो शब्द पहिल्यांदा दिसतो ती ओळ जशीच्या तशी उतरवतं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतं. ती ओळ पाकीट सापडल्याची असते. परत का केलं, ते तीन ओळी खाली असतं, आणि त्या वाक्यात ‘वॉलेट’ हा शब्दच नसतो. रिक्षावाल्याचे स्वतःचे पैसे एकदा हरवले होते, असं तिथे लिहिलेलं असतं. ते वाक्य मुलाला वाचून दाखवा, त्याला ते सहज कळतं. प्रश्नातला ‘व्हाय’ तेवढा त्याने पाहिलेला नसतो.

यावर उपाय रोजच्या एका उताऱ्याचा. आधी प्रश्न वाचायचे, ‘व्हाय’, ‘हाऊ’, ‘व्हेन’ यांच्याखाली रेघ मारायची, मग उतारा. शब्द अडला की लगेच मोबाइल उघडायचा नाही. मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थाचा अंदाज बांधायचा आणि सगळी उत्तरं लिहून झाल्यावर तो ताडून पाहायचा. आईवडिलांना इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. उतारा वाचून झाल्यावर ‘काय झालं ते मला मराठीत सांग’ म्हणा. गाडी कुठे अडखळते, ते तुम्हाला लगेच कळेल.

राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून शिकवलं जातं. इतकी वर्षं विषय शिकूनही पाठ्यपुस्तकाबाहेरचं एखादं इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली मुलं मला फार थोडी भेटतात. खरं दुखणं हे आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच मराठीतही आहेत. दहावीच्या मुलाला लहान मुलांची गोष्ट द्यायला संकोच वाटतो, पण जी पूर्ण वाचून होते ती गोष्ट त्याच्या पातळीची. तिथूनच सुरुवात करावी.

लेखनाचं दुखणं वेगळं. मुलं मनात मराठी वाक्य जुळवतात आणि शब्दाला शब्द ठेवत जातात. ‘माझे वडील शिक्षक आहेत’ याचं ‘माय फादर आर टीचर’ होतं, कारण आपण वडिलांना आदराने अनेकवचनात बोलतो. ‘मी त्याला सांगितलं’ मधला ‘ला’ टिकवायला ‘आय टोल्ड टू हिम’ लिहिलं जातं. या चुका मोजक्याच असतात आणि पुन्हा पुन्हा त्याच होतात. म्हणून रोज स्वतःच्या दिवसाबद्दल पाच छोटी वाक्यं लिहायची, आठवड्याने वही शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना दाखवायची. त्यांनी लाल केलेली वाक्यं वहीच्या मागच्या पानावर पुन्हा बरोबर लिहून काढायची. महिन्याभरात आपल्या नेहमीच्या चुका कोणत्या, ते मुलालाच सांगता येतं.

लांबलचक वाक्यांचा मोह मात्र टाळा. पत्रात पत्ता, तारीख, विषय आणि शेवटची सही जागच्या जागी असली की निम्मी धास्ती कमी होते. सारांशाला शीर्षक द्यायला विसरू नका. आलेख किंवा तक्ता दिला असेल तर त्यात दिसतं तेवढंच सांगायचं, आपलं प्रवचन जोडायचं नाही.

टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची धरली जाते, तेव्हा इंग्रजीत कमी पडले म्हणून सगळं वर्ष वाया जात नाही. पास मात्र इंग्रजीतही व्हावंच लागतं. आणि एवढं करूनही विषय राहिलाच, तर घरात सुतक पाळू नका. २०१५पासून त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते, आणि एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही घेता येतो.