पावसाळ्यातली गोधडी फुगते का?

प्रश्न : जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवायला घेतली आहे. मधोमध फुगवटा येतो, कुबट वासही येतो. कडेला क्रोशाची लेस लावावी का?
– एक वाचक, ऊर्जानगर (चंद्रपूर)

उत्तर : ताई, आपल्याकडे धावदोरा कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत नेतात. थर आधी टाचले नसतील तर सैल कापड सरकत मध्यावर जमतं. म्हणून वीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घाला. आताचा फुगवटा ओढूनताणून बसणार नाही, तेवढ्या फेऱ्या उसवाच.

वास बहुधा खळीचा. खळ राहिली की ओलाव्यात बुरशी धरते. गरम पाण्यात साड्या भिजवून खळ पूर्ण काढा आणि घरातच पंख्याखाली वाळवा. तुमचं ऊर्जानगर औष्णिक वीज केंद्राजवळ आहे, तिथे बाहेर वाळत घातलेल्या ओल्या कापडावर राखेचे कण चिकटू शकतात. आणखी एक, रात्री सुई कापडात टोचून ठेवू नका. दमट हवेत ती गंजते, तो तपकिरी डाग सहसा जात नाही.

लेस जरूर लावा, पण सुती दोऱ्याचीच. दोरा आधी भिजवून आटवून घ्या. लोकर वापरू नका. ती धुण्यात वेगळी आटते आणि कड चुणते.

तयार गोधडी दोन्ही बाजूंनी कडक उन्हात तापवल्याशिवाय पेटीत ठेवू नका.